पाण्यासमोरची जागा

"अण्णा, आज तुम्ही फोनला हात लावायचा नाही," चहाचा कप पुढे ठेवता ठेवताच सूनबाईने बजावलं. "नऊला वेबसाइट उघडते. मी आत दार लावून बसणार आणि सात नंबर आपला झाला की मगच बाहेर येणार."

"मी कशाला लावतोय हात?" अण्णा म्हणाले. पण म्हणताना त्यांनी बिस्कीट चहात इतका वेळ धरून ठेवलं की त्याचा खालचा अर्धा भाग कपाच्या तळाशी समाधिस्थ झाला.

"तुमचा चेहरा सांगतोय."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस, तो जन्मापासून असाच आहे."

"खरं आहे," स्वयंपाकघरातून माई म्हणाल्या, "लग्नाच्या फोटोतही तसाच आहे. मधेच कुणीतरी लाइन तोडल्यासारखा."

अण्णांना आजूबाजूचे सगळे हॅलोअण्णा म्हणत. उभा जन्म त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला होता. देव प्रत्येकाला काही ना काही देऊन धाडतो, अण्णांना त्याने कान दिले होते. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा जेवलाय की उपाशी आहे, हे ते सांगत. माणूस माणसाशी नीट बोलला की जगातलं कुठलंही काम होतं, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती आणि सूनबाईची श्रद्धा नेमकी उलट होती. ती एका विमा कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची. माणूस मधे आला की काम बिघडतं, हे तिने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. एरवी सासऱ्याचं नि सुनेचं गूळपीठ होतं, पण या एका विषयावर घरात दोन पंथ होते.

आता हा सात नंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या कित्येक आठवडे पलंगावर पडून होत्या. पलंग खिडकीशी होता खरा, पण खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवरून एक नळ खाली गेलेला होता. भिंत पाहून कंटाळा आला की माई नळ पाहायच्या, नळाचा कंटाळा आला की भिंत. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "एकदा, एकदाच हं, सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसावं. दुसरं काही नको मला."

अण्णांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

अण्णांच्या शब्दांचा इतिहास फारसा उज्ज्वल नव्हता. लोक सुट्टीच्याच दिवशी एकमेकांची खुशाली विचारतात, म्हणून अण्णांना सुट्टीच्याच दिवशी ड्यूटी असायची. लग्नानंतर समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा केबल तुटली. मुलाच्या जन्मानंतर डोंगरावर जायचं ठरलं तेव्हा संप झाला. संप मिटला तेव्हा जे संपात नव्हते त्यांना जास्तीची ड्यूटी लागली, आणि अण्णा संपात नव्हते. माईंनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर अण्णांनी उत्तर तरी दिलं असतं. न केलेल्या तक्रारीला माणूस काय उत्तर देणार? ती तशीच घरात राहते, फडताळातल्या जादा पांघरुणासारखी. त्यामुळे हा एक शब्द तरी पाळायचाच, असं अण्णांनी मनाशी पक्कं केलं होतं.

गावाबाहेर दोन तासांवर एक तळं होतं आणि तळ्याकाठी तंबू लावून राहायचा कॅम्प होता. "कॉट टाकून झोपा, थोडं चाला, हवा खा," असं डॉक्टरांनीही सांगितलं. मुलाने मित्राकडून तंबू आणला. पण सूनबाईने कॅम्पचा नकाशा बघितला तेव्हा खरी गोम कळली. तंबूच्या जागा पुष्कळ होत्या, पण तळं दिसायचं ते एकट्या सात नंबरातून. बाकीच्यांपैकी काहींच्या समोर गाड्या उभ्या राहायच्या, काहींच्या समोर कुंपण होतं आणि एकोणिसाच्या बरोब्बर समोर सार्वजनिक बेसिनांची रांग होती. उघड्या तंबूतून सकाळी सकाळी दात घासणाऱ्या माणसांच्या पाठी बघायला माई काही दोन तासांचा प्रवास करणार नव्हत्या.

नऊला पाच मिनिटं असताना सूनबाईने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. नऊला चार मिनिटं असताना अण्णा कोठीच्या खोलीत शिरले, तेही दार त्यांनी लावून घेतलं आणि गुंडाळलेल्या तंबूवर बसून मोबाइल काढला.

हा विश्वासघात होता का? अण्णांच्या मते मुळीच नव्हता. त्यांच्या हिशेबात इंटरनेटच्या जागा वेगळ्या आणि फोनच्या जागा वेगळ्या. त्यांच्या काळी प्रत्येक एक्सचेंजच्या वाट्याला ठरावीक लाइनी यायच्या, एकाची दुसऱ्याला मिळत नसे. तेव्हा सूनबाईने तिच्या वाट्याचा सात नंबर मिळवावा, आपण आपल्या वाट्याचा मिळवू, दोन्हीपैकी एक लागला म्हणजे झालं, असा त्यांचा साधा विचार होता. एकाच जागेला दोन सात नंबर कसे असतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आयुष्यभर लाइनी जोडणाऱ्या माणसाला तो पडतही नाही.

"तंबूसाठी एक दाबा," फोनमधली बाई म्हणाली. अण्णांनी एक दाबला. "आमच्या वेबसाइटवर बुकिंग करणं अधिक सोपं आहे," बाई म्हणाली.

"हो का? बरं बरं," अण्णा अदबीने म्हणाले. यंत्र असलं म्हणून काय झालं, आवाज बाईमाणसाचा होता.

मग संगीत सुरू झालं. एकच धृपद फिरून फिरून येत होतं आणि पुढचं कडवं येईल येईल असं वाटायला लागलं की पुन्हा तेच धृपद. अण्णांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. त्यांची ताल धरण्यापर्यंत मजल गेली आणि तेवढ्यात संगीत तुटून एक शिंक ऐकू आली.

"हॅलो, कॅम्प ऑफिस. माफ करा."

"शंभर वर्षं आयुष्य!" अण्णा म्हणाले. "वाफ घेतलीत का?"

"काय?"

"सर्दीवर म्हणतो. आवाज बसलाय तुमचा. रात्री पंखा लावून झोपलात वाटतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

ओळख झाली. माणसाशी नीट बोललं की काम होतं, ते होऊ लागलं. बाईने सांगितलं की सात नंबर रिकामा आहे, आणि स्वतःच्या स्क्रीनवर तो उघडून अण्णांसाठी बाजूला काढला. "सांगा नाव. जरा भरभर हं काका, सिस्टीम थोडा वेळच जागा धरून ठेवते, मग सोडून देते."

भरभर! अण्णांनी नाव सांगितलं. मग ते एक्सचेंजच्या शिस्तीप्रमाणे एकेक अक्षर सोडवून सांगितलं, कमळातला क, गवतातला ग, आणि मग बाईला म्हणाले, "आता तुम्ही मला वाचून दाखवा." बाईने वाचून दाखवलं. अण्णांनी पत्ता सांगितला आणि तोही वाचून दाखवायला सांगितला. "काय आहे, एकदा एका बाईंना त्यांच्या बहिणीऐवजी सरकारी गोदामात जोडून दिलं होतं मी. दोन्हीकडचे बोलत बसले, कुणाला कळलं नाही. तेव्हापासून दोनदा विचारल्याशिवाय—"

इकडे आतल्या खोलीत सूनबाई किंचाळली. "आत्ता हिरवा होता! आत्ता पिवळा झाला!"

स्क्रीनवर सात नंबरच्या चौकोनात लिहून आलं होतं की ही जागा कार्यालयाने राखून ठेवली आहे.

"वाटलंच मला," सूनबाई दाराआडून नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ओळखीवाले! ऑफिसातल्या लोकांनी आपल्या मावशाआत्यांना आधीच वाटून टाकल्यात जागा. साध्या माणसाने काय बेसिनं बघायची?"

तेवढ्यात चौकोन पुन्हा हिरवा झाला आणि तिने झडप घातली.

"अरेच्चा," फोनवर बाई म्हणाली, "गेला हो काका. सिस्टीमने काढून घेतला."

"काढून घेतला म्हणजे? आपण बोलतोय ना अजून!"

"तिला बोलणं कळत नाही ना."

"तेच मी घरात सांगत असतो," अण्णा खिन्नपणे म्हणाले. "यंत्राला मुरवत नसते."

"थांबा, धरून बसते मी. सुटला की घेते."

आत सूनबाईची बोटं पळत होती. नाव झालं, पत्ता झाला. मग वेबसाइटने तंबूची उंची विचारली. "अहो!" ती ओरडली. "तंबूची उंची किती आहे?"

तिचा नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या नि साचे करायचा. स्वभावाने तो इतका शांत होता की घरात दोन मतं पडली की तो तिसऱ्या खोलीत जाऊन उभा राहायचा. "मला काय माहीत," तो म्हणाला. "उघडलाय कुठे अजून?"

"मग बघा ना जाऊन! वेळ संपतोय!"

त्याने कोठीचं दार उघडलं. आत तंबू होता. तंबूवर वडील होते. वडिलांच्या कानाला फोन होता आणि ओठांवर बोट होतं.

"बाबा, जरा उठता? माप घ्यायचंय."

"उठलो तर रेंज जाते," अण्णा कुजबुजले. "इथेच येते फक्त. आणि तू मला बघितलं नाहीस."

मुलाने बराच विचार केला आणि आल्या पावली दार लावून घेतलं.

"किती?" आतून प्रश्न आला.

"नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "त्याच्यावर काहीतरी जड आहे."

सूनबाईने अंदाजाने आकडा टाकला. मग वेबसाइट म्हणाली, तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा, आणि त्यासाठी खालच्या चित्रांतले पूल निवडा. सूनबाईने पूल निवडले. एका चित्रात पुलाचा फक्त कठडा होता. कठडा म्हणजे पूल का? ती विचारात पडली. तिने तो निवडला, तर वेबसाइटने नवी चित्रं दाखवली आणि शिड्या निवडायला सांगितल्या. ती शिड्यांवर असतानाच वेळ संपली आणि कोठीच्या खोलीतून एक दबका, पण विजयी स्वर आला, "घेतलात? शाब्बास!"

मग हे असं चालूच राहिलं. बाईने धरलं की अण्णा आपला फोन नंबर उलटसुलट दोन्हीकडून पडताळून घ्यायचे आणि वेळ संपायची. सूनबाईने धरलं की वेबसाइटला शंका यायची आणि वेळ संपायची. इकडून "मेली सिस्टीम!" आणि तिकडून "मेलं ऑफिस!" असा गजर सुरू झाला.

माई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला आतली खोली होती, उजव्या हाताला कोठी. गुडघ्यामुळे त्या हलत नव्हत्या, पण कान काही गुडघ्याला बांधलेले नसतात. डावीकडून "हिरवा!" आलं की उजवीकडून "गेला!" येतंय, आणि उजवीकडून "शाब्बास!" आलं की डावीकडून "चोर!" येतंय, हे त्यांनी काही शेंगा होईतो ऐकलं. मग त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली आणि काठी घेऊन उठल्या. आधी त्यांनी आतल्या खोलीचं दार काठीने ढकललं, मग कोठीचं.

"अहो, तुम्ही दोघं एकाच जागेसाठी भांडताय का?"

सूनबाई दारात आली. तिला समोर तंबूवर बसलेले सासरे दिसले. सासऱ्यांना लॅपटॉप धरल्यासारखे हात अधांतरी ठेवून उभी असलेली सून दिसली.

"अण्णा! ते ऑफिसवाले मावशी-आत्यावाले चोर तुम्ही होय?"

"आणि ती सिस्टीम तू?"

"तुम्ही शब्द दिला होतात फोन नाही लावणार म्हणून!"

"मी कशाला लावतोय हात, असं नुसतं विचारलं होतं. आणि तुझ्या जागा वेगळ्या, माझ्या वेगळ्या असतात ना?"

"कोणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मग थोडी कडाक्याची वादावादी झाली आणि ती झाल्यावर, जशी प्रेमळ घरात होते तशी, दोघांनाही एकदमच लाज वाटली.

"तुम्ही घ्या अण्णा," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही आईंना शब्द दिलाय. मी सोडते." आणि तिने खोलीत जाऊन लॅपटॉप बंद करून टाकला.

"छे छे, मीच मधे कडमडलो," अण्णा म्हणाले आणि फोनमध्ये बोलले, "बाई, सोडून द्या. आमची सून घेतेय तिकडून."

"सोडला," बाई म्हणाली.

"अगं, सोडला त्यांनी! घे!"

"मी पण सोडला! तुम्ही घ्या!"

सूनबाईने धावत जाऊन पुन्हा लॅपटॉप उघडला. सात नंबरचा चौकोन हिरवा नव्हता, पिवळा नव्हता. तो लालभडक झाला होता. जगात कुठेतरी, ज्याच्या घरात सासरा-सून एकमेकांवर इतकं प्रेम करत नव्हते, अशा कुणीतरी तो घेऊन टाकला होता.

माई सगळ्यांकडे बघून हसल्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "भिंत काही वाईट नाही. ओळखीची झालीय आता." आणि काठी टेकत टेकत मटारांकडे परत गेल्या.

ते हसू अण्णांच्या वर्मी लागलं. केबल तुटली तेव्हा माई अशाच हसल्या होत्या. संपाच्या वेळीही हसल्या होत्या. अण्णा पुन्हा तंबूवर बसले आणि फोन बंद करायला गेले, तर पलीकडची बाई अजून होती. फोन ठेवायचं भान तिला उरलं नव्हतं. ती शिंकत होती आणि तिच्यामागे दुसरा फोन वाजत होता. त्याच्यामागे तिसरा.

वाजणारा फोन कुणी उचलत नाही, हे अण्णांना आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं. दुसऱ्याचं मूल रडताना ऐकावं तसं त्यांना झालं. "अहो बाई, वाजतोय तो!"

"वाजू दे! किती उचलू? जोडीदारीण सुट्टीवर गेली, पाण्याचा पंप बिघडलाय म्हणून साहेब तिकडे जाऊन बसलेत. मी एकटी आहे!"

"रडू नका. आधी तो जवळचा उचला, म्हणा थांबा. मग दुसरा उचला, म्हणा तुमच्याआधी एक आहे. माणूस थांबायला तयार असतो, बाई, त्याला कुणीतरी थांबा म्हटलं पाहिजे. उचला!"

तिने उचलला. मग दुसरा उचलला. अण्णा इकडून हळूहळू सांगत राहिले, ती तिकडून तसं करत राहिली. जरा वेळाने गलका शमला. बाईने नाक शिंकरलं आणि विचारलं, "काका, तुम्ही करता काय?"

अण्णांनी सांगितलं. मग तिने आवाज खाली आणून जे सांगितलं, ते ऐकताना अण्णा आधी हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी कोठीच्या दाराकडे बघितलं आणि दार घट्ट लावून घेतलं.

बाहेर आले तेव्हा ते ताठ चालत होते. "जागा मिळाली," ते म्हणाले. "पाण्यासमोर."

"सात नंबर?" सूनबाईने विचारलं.

"नंबर नाही तिला."

"मग बुकिंगचा ईमेल?"

"ईमेल नाही."

"पावती? मेसेज? काहीतरी?"

"या म्हणालीय."

"कोण?"

"सर्दी झालेली बाई."

सूनबाईने सासऱ्यांकडे फार मायेने पाहिलं. आत जाऊन तिने नकाशा पुन्हा पुन्हा मोठा केला, तळ्याच्या काठाने बोट फिरवलं. सात नंबरच्या पुढे ऑफिसचा करडा ठोकळा होता आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं. तिने उसासा टाकला आणि कुणाला न सांगता एकोणीस नंबर बुक करून टाकला. वेबसाइटने या वेळी तिला चित्रंसुद्धा दाखवली नाहीत.

पण जागा होती. ठरल्या दिवशी संध्याकाळी गाडी कॅम्पवर पोचली तेव्हा नाक लाल झालेली एक तरुण बाई धावत आली आणि त्यांना ऑफिसच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. कामगारांसाठी राखलेली जागा होती ती. एक मोठं झाड, झाडाखाली तंबूपुरती सपाट जमीन, आणि तिच्या टोकाशी, अगदी उंबऱ्याशी यावं तसं, पाणी. सात नंबरवाल्यांना मान वाकडी करावी लागत होती. इथे मान सरळ होती.

सूनबाई त्या पाण्याकडे बघत राहिली. "अण्णा, ही वेबसाइटवर का नाहीये?"

"चांगल्या गोष्टी सगळ्याच तिथे टाकत नाहीत," अण्णा म्हणाले. एवढं म्हणून थांबले असते तर शोभलं असतं, पण पुढे म्हणाले, "माणसाशी नीट बोललं की काम होतं." आणि का कोण जाणे, माईंची नजर चुकवली.

मुलगा नि सूनबाई एकोणीस नंबरात राहायला गेले. अण्णांनी कॉट लावली, माईंची उशी पाण्याच्या बाजूला केली, तीन वेळा उठून तंबूचा पडदा वर होतो की नाही ते पाहिलं.

सकाळी माईंनी डोळे उघडले आणि समोर पाणी होतं.

धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. एक बदक आपल्या मागे बारीक रेघ ओढत चाललं होतं. माई कितीतरी वेळ हलल्याच नाहीत. त्यांचे हात आपोआप जुळले. मग त्या हळूच म्हणाल्या, "अहो, बघितलंत का?"

उत्तर आलं नाही. शेजारची कॉट रिकामी होती. पांघरुणाची घडी घातलेली होती, ड्यूटीवर जाताना घालायचे तशी.

माई काठी घेऊन उठल्या. ऑफिसच्या लाकडी भिंतीपलीकडून आवाज येत होता. तो आवाज त्या आयुष्यभर ओळखत होत्या, फक्त फोनवर येणारा, घरी कधी न लागणारा, गोड, धीराचा. "नमस्कार. हो, हो, थांबा हं, तुमच्याआधी एक ताई आहेत. नाही, विसरत नाही. सांगा, कमळातला क का?"

माईंनी दार ढकललं. अण्णा खुर्चीत बसले होते, दोन्ही कानांना दोन फोन लावून. माईंना पाहताच एक फोन खाली आला, मग दुसरा.

"तेवढंच हं," ते घाईने म्हणाले. "सकाळचे दोन-तीन तासच बसायचं. तिची जोडीदारीण येईपर्यंत. त्याच्या बदल्यात जागा दिलीय तिने. तू पाणी बघ ना. दिसतं की नाही?"

"दिसतं."

"मग झालं तर! शब्द पाळला की नाही?"

माई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. "पाणी एकटीनेच बघायचं होतं, तर भिंत काय वाईट होती?"

उभ्या आयुष्याची तक्रार एका वाक्यात आली होती आणि उत्तर द्यायची संधी मिळाल्यावर अण्णांना कळलं की उत्तर नाहीच. तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचा हात गेला. तो तिथेच थांबला. घंटा वाजत राहिली आणि अण्णांचा चेहरा पिळवटत चालला.

"उठा तिथून," माई म्हणाल्या. "जा, तंबूसमोर बसा. चहा सांगा दोन. मी याला दोन शब्दांत वाटेला लावते आणि येते."

"अगं, तुला नाही जमणार, एकदम तोडायचं नसतं, आधी—"

"जा म्हटलं ना."

अण्णा गेले. चहाचे दोन कप घेऊन पाण्यासमोर बसले. एक कप त्यांनी शेजारच्या दगडावर ठेवला आणि त्यावर बशी झाकली. धुकं विरत गेलं. बदक गेलं तसं परत आलं. पलीकडच्या काठावर ऊन उतरलं, मग पाण्यात शिरलं आणि सगळं तळं एकदम उजळलं. "आहाहा!" अण्णा मोठ्याने म्हणाले आणि वळून बघितलं तर शेजारी नुसता कप. त्यांनी बशी उचलून चहा किती निवलाय ते पाहिलं. पुन्हा झाकला. पुन्हा वळून ऑफिसकडे पाहिलं. वाट पाहणं हे इतकं अवघड काम असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

शेवटी न राहवून ते दाराशी गेले. माई खुर्चीत आरामात रेलून बसल्या होत्या. दुखरा पाय त्यांनी समोरच्या स्टुलावर घेतला होता आणि फोन कानाशी दाबून धरला होता.

"...तेच सांगते ना मी, पहिले पंधरा दिवस जिवावर येतं. डावा की उजवा? माझाही डावाच हो! जिना कसा उतरता? नाही नाही, आधी दुखरा पाय खाली, मग चांगला... अगंबाई, तुमचेही तसेच का? आमचेही तसेच..."

"अगं," अण्णा दारातून हळूच म्हणाले, "ऊन वर आलं. चहा गार होतोय. कुणाचा फोन आहे?"

माईंनी फोनवर हात ठेवला. "अहो, थांबा की जरा," त्या म्हणाल्या. "दिसत नाही का, लाइनवर आहे मी?"

आणि त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. त्या बाजूच्या खिडकीतून पाणी फार छान दिसत होतं.